गावाकडच्या भावासाठी जुनी पिकअप घेताना

धाकट्या भावाला, पुतण्याला किंवा मेव्हण्याला गावात काहीतरी धंदा काढून द्यायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते पिकअपचं. नवी बोलेरो पिकअप दहा लाखांच्या घरात जाते, म्हणून नजर आपोआप जुन्या गाडीकडे वळते. पैसे बहुतेकदा शहरात नोकरी करणाऱ्याचे असतात आणि गाडी चालवणार असतो गावातला. गाडी पसंत करणारा एक, हप्ते भरणारा दुसरा, आणि आरसीवर नाव कधी कधी तिसऱ्याचंच. जुन्या पिकअपच्या व्यवहारातला निम्मा घोळ या वाटणीतून होतो, आणि उरलेला निम्मा, गाडीने आधी काय वाहिलं हे कुणी न विचारल्यामुळे. हा लेख त्या हप्ते भरणाऱ्यासाठी आहे. त्याने याआधी फारतर एखादी जुनी कार घेतलेली असते आणि पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या, गाडीशी त्याचा कधी संबंध आलेला नसतो.

आधी धंदा, मग गाडी

गाड्यांचे फोटो बघायला लागण्याआधी भावाला एक काम सांगा. एका आठवड्यात नक्की कुणाचा माल, कुठून कुठे, किती किलो आणि किती भाड्याने मिळणार आहे, हे वहीत लिहून काढायला लावा. "मार्केटला भाडी भरपूर आहेत" हे उत्तर चालत नाही. परतीचं भाडं मिळणार का, हा प्रश्न तर आवर्जून विचारा, कारण येताना रिकामी येणारी गाडी निम्मं डिझेल फुकट जाळते.

वजनाचा हिशेब इथेच करायचा. टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण वीस किलोचा धरला, तर दीड टनाच्या गाडीत नियमाने पंचाहत्तर क्रेट बसतात. कांद्याची गोणी पन्नास किलोची धरली तर तीस. "सगळे सव्वाशे क्रेट टाकतात" असं भाऊ म्हणाला, तर त्याचा धंद्याचा हिशेब ओव्हरलोडवर उभा आहे एवढं समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. एकदा पकडली की महिन्याची कमाई तिथेच जाते.

किराणा, पाण्याचे जार, बेकरीचा माल असं हलकं आणि गल्लीबोळातलं काम असेल तर पाऊण टनाची टाटा एस पुरते. २००५ साली ती आली आणि लोकांनी तिचं 'छोटा हत्ती' हे नाव करून टाकलं. मारुती सुपर कॅरीही याच कामाची. शेतमाल, सिमेंट, सळई, घाटातलं काम असेल तर बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, टाटा इन्ट्रा व्ही ३० किंवा अशोक लेलँड दोस्त यांपैकी बघा. माझा कल तालुक्याच्या गावी बोलेरोकडे असतो. गाडी फार चांगली म्हणून नाही, तर तिचा पार्ट कुठल्याही स्टँडजवळच्या दुकानात मिळतो आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्री प्रत्येक मोठ्या गावात असतो म्हणून. जी गाडी गावात दुसऱ्या कुणाकडेच नाही, ती स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

डिझेलचा अंदाज सोपा आहे. रोज ८० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे २,००० किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला १२ देते असं धरलं तर १६७ लिटर, म्हणजे ९० रुपयांच्या दराने १५,००० रुपये. त्यात हप्ता, विमा, टायर आणि गॅरेज मिळवा. भाड्याच्या वहीतली बेरीज याच्या वर निघत नसेल तर गाडी बघायला जायचीच गरज नाही.

नाव कुणाचं लावायचं

हा प्रश्न घरात अवघड वाटतो, म्हणून लोक टाळतात. सिबिल चांगलं म्हणून कर्ज थोरल्याच्या नावावर निघतं, त्यामुळे गाडीही त्याच्याच नावावर होते आणि चालवतो धाकटा. अपघात झाला तर कोर्टाची नोटीस आरसीवर ज्याचं नाव आहे त्यालाच येते. गाडी विकली, ताबा दिला, पण नाव बदललं नाही, तरी जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणून शक्य असेल तर गाडी चालवणाऱ्याच्या नावावर घ्या आणि कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार राहा.

ते जमत नसेल तर विम्याकडे नीट बघा. पॉलिसीतलं मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण हे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यासाठी असतं. गाडी तुमच्या नावावर आणि स्टिअरिंगवर भाऊ, अशा वेळी ते भावाला लागू होत नाही. चालकासाठी वेगळं संरक्षण पॉलिसीत जोडून घ्यावं लागतं, नाहीतर भावाच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा काढावा लागतो. एजंटला हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि पॉलिसीत ती ओळ छापून आली का ते स्वतः वाचा.

लायसन्सची भीती मात्र आता उरलेली नाही. पूर्वी मालवाहू गाडीला वेगळा शेरा लागायचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि नंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितलं आहे की, एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाच्या, लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. आपल्या सगळ्या पिकअप त्यात बसतात. फक्त लायसन्स चालू मुदतीचं आहे ना, ते बघा. परमिटचं म्हणाल तर आरसीवरचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही. त्याच्या वरच्या मॉडेलला लागतं. एकाच कंपनीच्या दोन सारख्या दिसणाऱ्या पिकअपमध्ये हा फरक असू शकतो, तेव्हा आकडा आरसीवरच वाचायचा.

गाडीने आधी काय वाहिलं?

कार घेताना आपण किलोमीटर विचारतो. पिकअपला आधी माल विचारायचा. मीटर मागे फिरवता येतो, पण मालाच्या खुणा हौद्यात आणि चेसिसवर राहतातच.

दुधाची गाडी भरपूर पळालेली असते, पण तिला एक दिवस बंद राहून चालत नाही, म्हणून बहुतेक वेळा तिची निगा वेळेवर झालेली असते. हौद्याचा पत्रा मात्र पाण्याने आणि सांडलेल्या दुधाने खाल्लेला असतो. मंडपवाल्याची गाडी कमी पळते आणि माल फार जड नसतो. ती मिळाली तर मी आधी तीच बघेन. चाकण, रांजणगावसारख्या एमआयडीसीत कंपनीच्या काँट्रॅक्टवर चाललेल्या गाडीचे किलोमीटर जास्त, पण रस्ता डांबरी आणि सर्व्हिसचं रेकॉर्ड बहुतेक मिळतं.

मासळीची गाडी शक्यतो नकोच. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून ठिबकून चेसिसच्या आत साचतं. रत्नागिरी, सिंधुदुर्गची, म्हणजे एमएच ०८ किंवा एमएच ०७ नंबरची गाडी घाटावर स्वस्त मिळते तेव्हा खालचा गंज बघितल्याशिवाय हो म्हणू नका. वीट, वाळू, खडी वाहिलेल्या गाडीची कंबर गेलेली असते.

वाळूच्या गाडीची आणखी एक भानगड असते. चोरट्या वाळूत पकडलेल्या गाडीवर तहसीलदारांची दंडाची कारवाई चालू असू शकते. जनावरांच्या किंवा दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात जप्त झालेली गाडी कोर्टातून सुपूर्दनाम्यावर सुटलेली असते. अशी गाडी मालकाच्या अंगणात उभी दिसते खरी, पण केस संपेपर्यंत विकायची नाही, गरज पडेल तेव्हा कोर्टासमोर हजर करायची, अशा अटींवर ती त्याला मिळालेली असते. तुमच्या भावाने तिच्यात पैसे घातले तर ते अडकले. ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत गाडी राहते तिथे आणि तहसील कचेरीत ओळखीने विचारून घ्या. गावात ही माहिती लपत नाही.

फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या गाड्यांच्या यार्डात भाव कमी असतो. पण तिथे गाडी चालवून बघायला मिळेलच असं नाही, आणि हप्ते थकलेल्या माणसाने शेवटचे सहा महिने ऑइल बदललेलं नसतं. नवख्याने तिकडे जाऊ नये.

फोनवर करायची तपासणी

गाडीचा नंबर घ्या आणि बघायला जाण्याआधीच एम-परिवहन ॲपवर किंवा 'वाहन' या सरकारी पोर्टलवर टाका. मालक कितवा, नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा, पीयूसी आणि कर कुठपर्यंत, कुणाचं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, चढलेलं आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का, हे सगळं घरबसल्या दिसतं. ज्याला फिटनेस म्हणतात, त्यालाच आपल्याकडे 'पासिंग' म्हणतात. नव्या मालवाहू गाडीला ते दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीला महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. "पासिंग तेवढं तुम्ही करून घ्या" असं विकणारा सहज म्हणतो. ते 'तेवढं' कधी कधी चार टायर, ब्रेकचं काम, पत्र्याचं काम, थकलेला कर आणि विलंब शुल्क इतकं असतं. पासिंग संपलेली गाडी घ्यायचीच असेल तर हा सगळा खर्च किमतीतून आधी वजा करा.

ई-चलनाची यादी दंडासाठी तर बघाच, पण गाडीचा इतिहास म्हणूनही वाचा. प्रत्येक चलनावर जागा, तारीख आणि बऱ्याचदा फोटो असतो. "डेअरीपलीकडे गेलीच नाही" अशी गाडी वाशीच्या आणि भिवंडीच्या रस्त्यावर रात्री दोन वाजता ताडपत्री बांधून उभी दिसली, की मीटरवरचे ६०,००० किलोमीटर खरे मानायचं कारण उरत नाही. जुन्या चलनांची रक्कम व्यवहाराआधी मालकाकडून भरून घ्या.

१ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही बघा. आणि १ एप्रिल २०२० पासून नोंदलेल्या गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमातल्या आहेत, त्यांचा विचार वेगळा करा. डिझेल बीएस-६ मध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो स्वतःला जाळून साफ करण्यासाठी अधूनमधून सलग लांब पळणं लागतं. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या खेपा असतील तर तो चोंदतो आणि खर्च मोठा येतो. गावातल्या गावात फिरायचं काम असेल तर बीएस-४ गाडी किंवा सीएनजी बरी. सीएनजी घेतली तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी कधी झाली, त्याचं सर्टिफिकेट मागा.

गाडी बघायला

सकाळी जा, आणि "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका" असं आदल्या दिवशी सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, तासभर थांबा. सोबत तुमचा मिस्त्री हवा. विकणाऱ्याच्या गावचा नको.

गाडी थंड असताना डिपस्टिक काढून ऑइल बघा. काळं असणं हा दोष नाही, डिझेलचं ऑइल काळंच होतं. दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. पाणी नुसतं गढूळ, गंजलेलं असेल तर मालकाने कूलंटचे पैसे वाचवलेत, आणि तेच त्याने बाकी ठिकाणीही केलं असणार.

आता सेल मारा. पहिल्या-दुसऱ्या झटक्यात चालू व्हायला हवी. सुरुवातीचा थोडा पांढुरका धूर सोडून द्या, पण तो थांबत नसेल तर इंजेक्टर किंवा पाण्याचं काम आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा धूर बऱ्याचदा एअर फिल्टर, टर्बो किंवा इंजेक्टरचा असतो, म्हणजे तुलनेने कमी खर्चाचा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सोडवून नुसतं भोकावर उलटं ठेवा. ते जागेवर हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडत असेल आणि भोकातून भकाभका हवा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि इंजिनचं काम आज ना उद्या काढावंच लागणार. ही चाचणी मिस्त्रीला न विचारता तुम्हीही करू शकता. एवढ्या एका झाकणाने पन्नास हजारांची घासाघीस होऊ शकते.

मग गाडीखाली शिरा. पिकअप वरून बघून कळत नाही. मागच्या कमानपाट्यांचे ब्रॅकेट चेसिसला जिथे जोडलेले असतात त्याच्या आजूबाजूला चिरा किंवा वेल्डिंगच्या रेघा शोधा. पाटे मोजा. कंपनीच्या मापापेक्षा एखादा पाटा जादा टाकलेला असेल तर ही गाडी वर्षानुवर्षं क्षमतेपेक्षा जास्त माल वाहत आली आहे. हौद्याच्या फाळक्यांना वर लोखंडी पट्ट्या जोडून उंची वाढवलेली असणं ही त्याचीच दुसरी खूण. चेसिसला नुकताच काळाकुळकुळीत रंग मारलेला दिसला तर लहान हातोडीने ठिकठिकाणी ठोकून बघा. निरोगी लोखंड टणकन वाजतं, गंजलेलं भद्द आवाज करतं.

चेसिस नंबर चेसिसच्या दांड्यावर ठोकलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो पुढच्या उजव्या चाकाजवळ सापडतो. तिथली माती पुसा, त्यावर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा. सतरा अक्षर-आकडे कागदावर उमटतात. तो ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. एखादं अक्षर वाकडं, जास्त खोल किंवा घासून पुन्हा ठोकल्यासारखं वाटलं तर भाव न बोलता निघा. हा कागद जपून ठेवा, पुढे आरटीओच्या अर्जावर चेसिसचा ठसा लागतो तेव्हा सवय झालेली असते.

टायरच्या कडेवर शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर आणि टायर सात वर्षांचा, असं दिसलं तर रिमोल्डची, म्हणजे जुन्या टायरवर नवी नक्षी चढवल्याची, शंका घ्या. पुढच्या टायरची एकच कड खाल्लेली असेल तर अलाइनमेंटपासून बॉल जॉइंटपर्यंत काहीही असू शकतं. कारचे टायर घातलेली पिकअपही सापडते. तिला मालाचे, जास्त प्लायचे टायर लागतात, म्हणजे चार टायरची किंमत वजा.

चालवून बघताना गाडी भरलेली हवी. रिकामी पिकअप कुणाचीही छान पळते. दहा-पंधरा गोण्या टाकायला सांगा, आणि मालक नाही म्हणाला तर हौद्यात चार-सहा माणसं बसवण्याऐवजी जवळच्या वीटभट्टीवरून भाड्याने माल घाला. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिसरा गिअर निसटला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. पन्नास-साठच्या वेगाला मागून हुंकार येत असेल तर डिफरन्शियल, गाडी निघताना 'टक्' वाजत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. क्रॉस स्वस्त आहे, डिफरन्शियल नाही. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते मोकळ्या रस्त्यावर बघा.

केबिनमध्ये जादा हॉर्न, रंगीत दिवे, मोठा म्युझिक सिस्टीम असेल तर वायरिंग बघा. हे सगळं लावताना किती ठिकाणी वायर कापून टेप गुंडाळलाय ते डॅशबोर्डखाली टॉर्च मारला की दिसतं.

भाव, इसार आणि ताबा

मिस्त्रीने काढलेली कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे खर्च मांडा. भाव त्या कागदावर होतो, "शेवटचं किती" यावर नाही. मी तर आणखी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवायला सांगेन, कारण पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी निघतंच.

इसार थोडा द्या आणि बँकेतून द्या. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेला भाव, उरलेली रक्कम कधी आणि कोणत्या कागदांवर, हे लिहा. दलालाच्या खात्यात नाही, आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. विक्रीचा करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करून घ्या. गाडी ताब्यात घेतलेल्या कागदावर तारखेसोबत वेळ लिहा, 'दुपारी ४.२०' अशी. आदल्या रात्रीचं चलन किंवा धडक कुणाची, हा वाद त्या वेळेवरच मिटतो.

एचपी असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "तुम्ही हप्ते चालू ठेवा, नंतर नावावर करू" हा सौदा गावाकडे सर्रास होतो. त्यात कर्ज त्याचं, गाडी त्याची आणि पैसे तुमचे.

मालक वारला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल, तर आधी गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ असतो. बाकीच्या भावाबहिणींच्या संमतीशिवाय त्यात पडू नका.

नावावर करणं आणि विमा

फॉर्म २९ वर विकणाऱ्याची, फॉर्म ३० वर दोघांची सही होते. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असं कायदा म्हणतो. सही करून दिलेले कोरे फॉर्म घरात ठेवून "बघू सावकाश" म्हणणं सगळ्यात महागात पडतं. वर्षभराने तो माणूस फोन उचलत नाही. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला कर असं सगळं आलं. पहिल्या गाडीला हा व्याप नकोच.

विमा गाडीबरोबर येतो, पण १४ दिवसांत कंपनीला कळवून तो नव्या नावावर करावा लागतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडे राहतो. हप्त्याचा आकडा बघून कारवाले दचकतात, म्हणून सांगून ठेवतो: २०२२ च्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये होता, जीएसटी वेगळा. हा खर्च दरवर्षीच्या हिशेबात धरा.

आणि भावाला समोर बसवून एक गोष्ट सांगा. मालवाहू गाडीच्या हौद्यात वऱ्हाड, यात्रेकरू किंवा फुकट लिफ्ट घेणारी माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी त्यांची भरपाई देणं लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ठरवून दिलं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस वेगळा. लग्नसराईत नातेवाईकच आग्रह करतात, तेव्हा नाही म्हणायची तयारी घरच्यांनीही ठेवावी. भरपाईची नोटीस शेवटी नाव ज्याचं त्याला येते.

पहिला पंधरवडा

गाडी घरी आली की जुन्या मालकाच्या शब्दावर न जाता सगळी तेलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक. ऑइल, डिझेल आणि हवेचा असे तिन्ही फिल्टर, नवं कूलंट, फॅन बेल्ट. चारही चाकं काढून ब्रेक लायनर आणि बेअरिंग बघून घ्या. सगळीकडे ग्रीसिंग. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद झाला का ते बघा आणि नवा घ्या. जॅक, पाना, चांगली स्टेपनी, विझवण्याचं नळकांडं, रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीत ठेवा. आणि आज मीटरवर काय आकडा आहे तो एका साध्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ही वही म्हणजे पुढची सगळी देखभाल. डिझेल किती टाकलं, किलोमीटर किती, गॅरेजला काय झालं. लिटरमागचं ॲव्हरेज १२ वरून १० वर आलं, तर इंजिन आजारी पडण्याच्या आधीच वहीत कळतं.

रोज सकाळी भावाने करायचं काम पाच मिनिटांचं आहे: ऑइल, कूलंट, टायरची हवा नजरेने, गाडीखाली जमिनीवर थेंब, दिवे. आठवड्यातून एकदा हवा मापाने. हवेचा आकडा दरवाजाच्या खांबावरच्या चिकटपट्टीवर असतो, आणि भरलेल्या गाडीला मागच्या चाकांचा वेगळा. कच्च्या रस्त्यावर धुरळ्यात चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच झाडावा आणि बदलावा लागतो. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी अधूनमधून काढा, विशेषतः पावसाळ्यात. शेतात कॅनमधून डिझेल भरायची सवय असेल तर जास्तच वेळा. पावसाळा संपला की पाट्यांचे यू-बोल्ट आवळून घ्या आणि हौद्याखालची माती पाण्याच्या जोराने काढा, कारण गंज त्या ओल्या मातीतच धरतो.

ऑइल बदलायचे किलोमीटर कंपनीच्या पुस्तिकेत असतात. घाट, ऊन आणि पूर्ण भार असं काम असेल तर थोडं आधीच बदला. ऑइलच्या पैशात काटकसर करणारा माणूस इंजिनच्या पैशात चुकता करतो, हे मिस्त्रीही सांगेल, पण ते त्याच्या फायद्याचं असल्याने लोक ऐकत नाहीत.

खर्च कुणी करायचा ते आधीच ठरवून टाका. माझं मत असं की हप्ता आणि विमा पैसे देणाऱ्याने, डिझेल, ऑइल, पंक्चर गाडी चालवणाऱ्याने, आणि टायर व मोठं काम प्रत्येक खेपेमागे बाजूला काढलेल्या रकमेतून. ही रक्कम भावाच्या खिशात नको, वेगळ्या खात्यात हवी. त्यासाठी घरातल्या वहिनीच्या किंवा आईच्या नावचं खातं सगळ्यात सुरक्षित.

पासिंग, विमा, पीयूसी आणि कराच्या तारखा दोघांच्याही फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा. पासिंगच्या आधी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर पट्ट्या, नंबर प्लेट, हँडब्रेक आणि टायर एवढं स्वतः बघून घ्या, हौद्याला बाहेर आलेली पत्र्याची टोकं ठोकून आत घ्या, थकलेली चलनं भरा आणि गाडी धुऊन मगच न्या.